'सहा' की 'दहा'? फोनवरच्या आवाजाला मार्क द्यायला शिकवणारे हार्वी फ्लेचर

फोनवर कुणाला तरी नंबर सांगताय. तुम्ही म्हणता 'सहा', समोरचा लिहितो 'दहा'. तुम्ही म्हणता 'सात', त्याला ऐकू येतं 'साठ'. मग आवाज चढवून सांगावं लागतं, की अरे सहा, पाचनंतरचा सहा! गंमत म्हणजे आवाज लहान नव्हता, रेंजही फुल होती. तरी शब्द चुकलाच.

म्हणजे 'आवाज येतोय' आणि 'शब्द कळतोय' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साधारण शंभर वर्षांपूर्वी टेलिफोनवर काम करणाऱ्या इंजिनिअरांपुढे हाच प्रश्न होता. तारेतून जाणारी वीज मोजायला मीटर होता. पण ऐकणाऱ्याला किती कळलं, हे कशाने मोजायचं?

या प्रश्नाचं पक्कं उत्तर तयार करणाऱ्या माणसाचं नाव हार्वी फ्लेचर. एमपी३ गाणी, स्टिरिओ साउंड, एचडी कॉल, कानाची तपासणी या सगळ्यांमागे कुठे ना कुठे त्यांचं काम आहे. नाव मात्र आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ऐकलेलं नसतं. आणि नाव मागे राहण्याची ही गोष्ट त्यांच्या पहिल्याच मोठ्या कामापासून सुरू होते. चला, सुरुवातीपासून बघू.

अत्तराचा फवारा आणि घड्याळाचं तेल

फ्लेचर यांचा जन्म ११ सप्टेंबर १८८४ रोजी अमेरिकेच्या युटा राज्यातल्या प्रोव्हो या गावी झाला. तिथल्याच ब्रिगहॅम यंग विद्यापीठातून १९०७ मध्ये ते पदवीधर झाले. पुढे फिजिक्समध्ये पीएचडी करायची म्हणून ते शिकागो विद्यापीठात गेले. पण लहान गावातल्या कॉलेजचं शिक्षण तिथे पुरेसं धरलं जाईना. तेव्हा रॉबर्ट मिलिकन नावाच्या प्राध्यापकांनी मार्ग काढून दिला आणि फ्लेचर यांना विशेष विद्यार्थी म्हणून प्रवेश मिळाला. हे उपकार फ्लेचर आयुष्यभर विसरले नाहीत. पुढची गोष्ट समजून घ्यायला हे लक्षात ठेवा.

मिलिकन तेव्हा इलेक्ट्रॉनवर नेमका किती विद्युतभार असतो, ते मोजायच्या मागे होते. कल्पना अशी होती, की विद्युतभार असलेला एक बारीकसा थेंब दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये तरंगत ठेवायचा. गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढतं, विजेचं बल वर ओढतं. दोन्हींचा हिशोब मांडला की थेंबावरचा विद्युतभार कळतो. अडचण एकच होती. थेंब पाण्याचे होते आणि मोजमाप होईपर्यंत ते वाफ होऊन जायचे.

मग पाण्याऐवजी दुसरं काही वापरून बघायचं ठरलं आणि ते काम फ्लेचर यांच्याकडे आलं. त्यांनी काय करावं? दुकानात जाऊन अत्तर फवारायची बाटली आणि घड्याळात घालायचं तेल विकत आणलं. तेल असं पटकन उडून जात नाही. घाईघाईत जोडलेल्या त्या उपकरणात तेलाचे थेंब ताऱ्यांसारखे चमकताना दिसू लागले, आणि विजेचं बटण दाबलं की ते हळूहळू वर चढायला लागले. आज बारावीच्या फिजिक्समध्ये ज्याचं नाव येतं, तो तेलाच्या थेंबाचा प्रयोग तो हाच.

एका पेपरवर एकच नाव

पुढे दोघांनी मिळून काम केलं आणि १९१० मध्ये निकाल छापायची वेळ आली. इथे गोष्टीला वळण लागतं. फ्लेचर यांनी नंतर लिहून ठेवलेल्या आठवणीनुसार, मिलिकन एक दिवस त्यांच्या घरी आले. नियम असा होता, की छापलेला पेपर पीएचडीचा प्रबंध म्हणून चालेल, पण त्यावर विद्यार्थ्याचं एकट्याचंच नाव हवं. म्हणून मिलिकन यांनी वाटणी सुचवली. इलेक्ट्रॉनच्या विद्युतभाराचा पेपर मिलिकन यांच्या एकट्याच्या नावावर, आणि ब्राउनियन हालचालीवरचा पेपर फ्लेचर यांच्या एकट्याच्या नावावर.

पहिला पेपर जास्त गाजणार हे फ्लेचर यांना कळत होतं. वाईटही वाटलं. पण ज्यांनी दार उघडून दिलं, त्यांना नाही कसं म्हणणार? त्यांनी मान्य केलं. १९११ मध्ये त्यांना पीएचडी मिळाली, तीही सर्वोच्च श्रेणीत. १९२३ मध्ये मिलिकन यांना नोबेल मिळालं. त्यात इलेक्ट्रॉनच्या विद्युतभाराचं काम मोठं होतं. पेपरमध्ये मिलिकन यांनी फ्लेचर यांच्या मदतीचा उल्लेख केला होता. पण लेखक म्हणून नाव येणं वेगळं आणि मदतनीस म्हणून उल्लेख होणं वेगळं.

फ्लेचर यांनी यावर जाहीर वाद घातला नाही. ते गावी परतले आणि ब्रिगहॅम यंगमध्ये फिजिक्स शिकवू लागले.

टेलिफोनवाले मागे लागले

न्यूयॉर्कच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतले फ्रँक ज्युएट मात्र त्यांना विसरले नव्हते. ते दरवर्षी नोकरीची ऑफर देत राहिले. अखेर १९१६ मध्ये फ्लेचर न्यूयॉर्कला गेले. १९२५ मध्ये कंपनीचा संशोधन विभाग बेल टेलिफोन लॅबोरेटरीज या नव्या संस्थेत आला. हीच ती प्रसिद्ध बेल लॅब्स.

वेळही नेमकी होती. १९१५ मध्येच न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को टेलिफोन सुरू झाला होता. अमेरिकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आवाज पोचू लागला होता. पण लांब तारेत आवाजाची मोडतोड व्हायची. कोणता मायक्रोफोन चांगला? कोणती तार चांगली? एक इंजिनिअर म्हणायचा हा साफ वाटतो, दुसरा म्हणायचा तो. 'वाटतं' या शब्दावर देशभराचं नेटवर्क कसं उभं करणार? पैसा कुठे घालायचा हे ठरवायला आकडा हवा होता.

अर्थ नसलेल्या शब्दांची परीक्षा

आता विचार करा. फोनवर मी म्हटलं, 'उद्या सकाळी लवकर ये', आणि मधला 'सकाळी' तुम्हाला नीट ऐकू आला नाही. तरी तुम्ही अंदाजाने वाक्य पूर्ण करता. म्हणजे तुम्हाला कळलं ते फोनमुळे की तुमच्या डोक्यामुळे? फोनची परीक्षा घ्यायची असेल, तर डोक्याला अंदाज करायची संधीच मिळायला नको.

म्हणून बेल लॅब्समध्ये अर्थ नसलेले छोटे शब्द वापरले जायचे. एक व्यंजन, एक स्वर, पुन्हा एक व्यंजन. आपल्या भाषेत करायचं तर 'झुप', 'थोग', 'खिव', 'नेश' असं काहीतरी. एका टोकाला माणूस यादी वाचायचा, दुसऱ्या टोकाला बसलेले लोक ऐकू येईल ते लिहून काढायचे. शंभरातले किती बरोबर आले, ते त्या लाइनचे मार्क. कल्पना अगदी कोरी नव्हती, पण फ्लेचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती इतकी शिस्तीत बसवली, की त्यातून एक शास्त्रच तयार झालं. १९२९ मध्ये फ्लेचर आणि स्टाइनबर्ग यांनी ही पद्धत सविस्तर मांडली. त्याच वर्षी 'स्पीच अँड हिअरिंग' हे फ्लेचर यांचं पुस्तक आलं.

इथे मापाचं उपकरण कोणतं होतं, बघा. कुठलाही मीटर नाही. माणसाचा कान!

गुणाकाराने सगळा घोळ होतो

या हजारो चाचण्यांतून एक सोपा नियम दिसला. समजा एखाद्या लाइनवर प्रत्येक ध्वनी ९० टक्के वेळा बरोबर ऐकू येतो. वाटतं, छानच आहे. पण 'झुप'मध्ये तीन ध्वनी आहेत. तिन्ही बरोबर यायचे तर ०.९ गुणिले ०.९ गुणिले ०.९, म्हणजे जेमतेम ७३ टक्के. ध्वनीमागे छोटी वाटणारी चूक शब्दापर्यंत जाता जाता मोठी होते.

हेच आपल्या मोबाइल नंबरला लावा. प्रत्येक आकडा ९७ टक्के वेळा बरोबर ऐकू येतो असं धरलं, तर दहाही आकडे बरोबर यायची शक्यता साधारण ७४ टक्केच उरते. म्हणून तर आपण नंबर परत वाचून दाखवायला सांगतो.

दुसरा नियम आणखी मजेदार होता. त्यांनी फिल्टर लावून आवाजाचे तुकडे केले. एकदा फक्त खालच्या, जाड स्वरांचा भाग ऐकवला, एकदा फक्त वरचा, बारीक भाग. समजा खालच्या भागावर १०० पैकी २० ध्वनी चुकले आणि वरच्या भागावर १५ चुकले. दोन्ही एकत्र ऐकवले तर किती चुकतील? उत्तर साधारण ३, म्हणजे ०.२० गुणिले ०.१५. याचा अर्थ, कान आवाजाच्या प्रत्येक पट्ट्यातून वेगवेगळी माहिती घेतो, आणि एकीकडे निसटलेलं दुसरीकडे सापडतं.

आणखी एक गोष्ट समोर आली. बोलण्यातली बरीचशी ताकद खालच्या, जाड भागात असते, कारण स्वर तिथे दणदणीत असतात. पण शब्द ओळखायला लागणारी व्यंजनं बरीचशी वरच्या भागात असतात, आणि तिथे ताकद कमी असते. आता सुरुवातीचं कोडं सुटतं. जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो. 'स'ची सळसळ मुख्यतः त्याच्याही वर असते. ती कापली गेली की 'सहा'मधला 'हा' दणकून पोचतो आणि आधीचं अक्षर अंदाजावर राहतं. फुल रेंज असूनही!

कान सगळे सूर सारखे ऐकत नाही

१९३३ मध्ये फ्लेचर आणि त्यांचे सहकारी मनसन यांनी एक महत्त्वाचा पेपर छापला. हेडफोन लावलेल्या लोकांना त्यांनी दोन सूर ऐकवले. एक १००० हर्ट्झचा ठरलेला, दुसरा बदलता. दोन्ही सारखेच मोठे कधी वाटतात, एवढंच सांगायचं. त्यातून निघालेल्या वक्ररेषा आजही फ्लेचर-मनसन कर्व्ह या नावाने ओळखल्या जातात.

निष्कर्ष तुम्ही रोज अनुभवता. गाणं हळू आवाजात लावलं की बेस गायब होतो. स्पीकर बिघडलेला नसतो. आपला कानच हळू आवाजातले जाड सूर कमी ऐकतो, तर ३००० ते ४००० हर्ट्झच्या आसपास तो सगळ्यात तीक्ष्ण असतो. जुन्या म्युझिक सिस्टिमवर 'लाउडनेस' नावाचं बटण असायचं, ते याच कारणासाठी. या मोजणीत पुढे सुधारणा झाल्या, २००३ मध्ये त्यावरचं आंतरराष्ट्रीय मानक नव्याने आलं, पण पाया याच कामाने घातला.

त्याच वर्षी आणखी एक धमाल झाली. २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फियाच्या सभागृहात ऑर्केस्ट्रा वाजत होता आणि श्रोते बसले होते सुमारे २०० किलोमीटर दूर, वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये. तिथल्या स्टेजवर वादक कुणीच नव्हते, होते फक्त लाउडस्पीकर. फिलाडेल्फियात तीन मायक्रोफोन, मध्ये तीन वेगळ्या टेलिफोन लाइन आणि वॉशिंग्टनला तीन स्पीकर. त्यामुळे व्हायोलिन डावीकडून येतंय की दुसरं वाद्य उजवीकडून, हे डोळे मिटून सांगता येत होतं. ऑर्केस्ट्राचे नेहमीचे कंडक्टर लिओपोल्ड स्टोकोव्स्की त्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये बसून आवाजाची बटणं सांभाळत होते, आणि फिलाडेल्फियात बॅटन हाती होती अलेक्झांडर स्मॉलेन्स यांच्या. या प्रयोगामागची टीम फ्लेचर यांची होती. अमेरिकेत त्यांना स्टिरिओ साउंडचे जनक म्हणतात ते यासाठी. त्याच काळात इंग्लंडमध्ये ॲलन ब्लुमलाइन हे इंजिनिअरही स्वतंत्रपणे स्टिरिओवर काम करत होते, हेही सांगायला हवं.

एमपी३ मधून काय गाळायचं?

१९४० मध्ये फ्लेचर यांनी आणखी एक कल्पना मांडली. शेजारी मिक्सर सुरू झाला की टीव्हीवरचे काही शब्द बुडतात, सगळे नाही. कारण कानात जणू फिल्टरांची एक रांग असते आणि प्रत्येक फिल्टर आवाजाचा एक पट्टा सांभाळतो. गोंगाट ज्या पट्ट्यात असेल, मुख्यतः त्याच पट्ट्यातला बारीक आवाज झाकला जातो. याला क्रिटिकल बँड म्हणतात.

पुढे १९८० च्या दशकात जर्मनीत एमपी३ वर काम करणाऱ्यांनी नेमका याच प्रकारच्या ज्ञानाचा फायदा घेतला. मोठ्या आवाजाखाली जो आवाज झाकलाच जाणार आहे, तो फाइलमध्ये कशाला साठवायचा? गाळून टाका. म्हणून गाण्याची फाइल एवढीशी होते आणि कानाला फरक फारसा कळत नाही. आज स्ट्रीमिंगवर गाणं ऐकताना तुमचा डेटा वाचतो, त्यामागचं तत्त्व हेच आहे.

पाच स्टारमागची परंपरा

व्हिडिओ कॉल संपला की कधीकधी ॲप विचारतं, कॉल कसा वाटला? आणि पाच स्टार पुढे करतं. आपण वैतागून बंद करतो. पण टेलिफोनच्या जगात लोकांना १ ते ५ मार्क द्यायला सांगून सरासरी काढायची एक अधिकृत पद्धत आहे. तिला मीन ओपिनियन स्कोअर म्हणतात. फ्लेचर यांच्या परीक्षेत किती कळलं ते मोजायचे, इथे कसं वाटलं ते मोजतात. मूळ विचार मात्र एकच, की शेवटचा निकाल ऐकणाऱ्याचा.

दर वेळी माणसं बसवणं महाग पडतं. म्हणून २००१ मध्ये पेस्क आणि २०११ मध्ये पोल्का ही मानकं आली. यात कॉम्प्युटर मूळ आवाज आणि फोनमधून आलेला आवाज शेजारी ठेवतो आणि माणसाने किती मार्क दिले असते त्याचा अंदाज बांधतो. त्यासाठी त्याला माणसाचा कान कसा ऐकतो ते शिकवावं लागतं. आवाजाचे पट्टे कसे पडतात, कोणता सूर किती मोठा वाटतो. हे प्रश्न ओळखीचे वाटतात ना?

तुमच्या स्क्रीनवर कॉलच्या वेळी 'एचडी' दिसतं, तेव्हा आवाजाची खिडकी साधारण ५० ते ७००० हर्ट्झपर्यंत उघडलेली असते. 'स'ला जागा मिळते आणि 'सहा'चा 'दहा' व्हायची शक्यता कमी होते.

उशिरा उघडलेलं पाकीट

फ्लेचर यांना मान मिळाला नाही असं नाही. अमेरिकेतल्या ध्वनिशास्त्राच्या सोसायटीचे ते पहिले अध्यक्ष होते. १९४५ मध्ये अमेरिकन फिजिकल सोसायटीचेही अध्यक्ष झाले. १९४९ मध्ये बेल लॅब्समधून निवृत्त होऊन ते काही वर्षं कोलंबिया विद्यापीठात शिकवायला गेले, आणि १९५२ मध्ये पुन्हा आपल्या प्रोव्होला परतले. तिथेही स्वस्थ बसले नाहीत. पियानोचा सूर खऱ्या पियानोसारखा का वाटतो, यावर म्हातारपणी प्रयोग केले. त्यांचा मुलगा जेम्स फ्लेचर पुढे नासाचा प्रमुख झाला.

२३ जुलै १९८१ रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षी फ्लेचर गेले. त्यानंतर जून १९८२ मध्ये 'फिजिक्स टुडे' मासिकात त्यांचा एक लेख आला. अत्तराची बाटली, घड्याळाचं तेल, मिलिकन यांची ती भेट, सगळं त्यात होतं. आपण जिवंत असेपर्यंत हे छापू नये, अशी त्यांची इच्छा होती. आपल्याला यातून काही मिळवायचं आहे असं कुणाला वाटू नये म्हणून. मिलिकन यांच्याबद्दल त्यात कडवटपणा नाही, उलट कृतज्ञता आहे. नोबेल एकट्या मिलिकन यांना मिळणं बरोबर होतं का, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. २०१६ मध्ये फ्लेचर यांना मरणोत्तर टेक्निकल ग्रॅमी मिळाला. गाण्याच्या जगानेही उशिरा का होईना, हात जोडले.

एक गोष्ट मात्र खरी. ज्या माणसाला पहिल्याच कामाचं पूर्ण श्रेय मिळालं नाही, त्याने पुढची सगळी वर्षं दुसऱ्याला नीट ऐकू येतंय का, हे मोजण्यात घालवली.

तुम्हीही करून बघा

आज मित्राला एक साधा कॉल लावा आणि एक ॲपवरून लावा. दोन्ही वेळा अर्थ नसलेले वीस शब्द हळूहळू वाचा. यादी दोन्ही वेळा वेगळी घ्या, नाहीतर मित्र आठवून लिहील. तीन ध्वनींचेच शब्द घ्या, 'ढुस', 'नेश', 'थोग' असे. त्याने ऐकू येईल ते लिहायचं, मध्ये विचारायचं नाही. मग ताळा करा. कोणत्या कॉलला किती मार्क मिळाले? आणि कोणती अक्षरं जास्त चुकली? 'स', 'श', 'फ', 'थ' यांच्यावर नजर ठेवा.

निकाल काय आला ते कमेंटमध्ये जरूर सांगा. आणि पुढच्या वेळी कुणी फोनवर 'सहा की दहा?' असं विचारलं, तर त्याच्यावर चिडू नका. चूक बहुतेक त्याच्या कानाची नसते.